‘इस्कूल’मधला ‘इ’ आणि ‘गिलास’मधला ‘इ’

तासगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या चौथीतली मुलं स्कूलला ‘इस्कूल’, ग्लासला ‘गिलास’ आणि फिल्मला ‘फिलिम’ म्हणतात. दटावून झालं, फळ्यावर लिहून झालं, तरी सुटत नाही. त्यातल्या एका मुलीच्या आईला कुणीतरी सांगितलंय की पोरीची जीभ जड आहे, जिभेखालचा दोरा कापून घ्या. हा दोष आहे का, आणि इंग्रजीचे सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, मुलांना शिकवायचे तरी कसे?

बाई, आधी त्या आईला निरोप द्या: कापाकापीची घाई नको. मी सांगलीत विश्रामबागेला वाचा-उपचाराचं काम बावीस वर्षं करतेय. दर जूनमध्ये शाळा सुरू झाली की अशी दोन-तीन पोरं येतातच. मी त्यांना इंग्रजीतलं काही विचारतच नाही. साखर, ससा, लसूण, वासरू, पुस्तक, दोरी एवढंच म्हणायला लावते. हे शब्द स्वच्छ आले तर जीभ, टाळू, दात सगळं जागच्या जागी आहे. जी पोर ‘पुस्तक’ म्हणू शकते तिला स आणि त एकापाठोपाठ काढता येतात, मग ‘स्कूल’ला तिची जीभ कशी अडेल? मराठीतही सहा वर्षांनंतर ससाचा ‘तता’ होत असेल, किंवा ‘स’ गळूनच पडत असेल, तर मात्र जिभेआधी कान तपासून घ्या. ‘स’चा जोर फार उंचावर, ४००० हर्ट्झच्याही (सेकंदाला ४००० कंपनांच्या) वर असतो. वरच्या पट्टीतलं ऐकू कमी येणाऱ्या मुलाला ‘आ’, ‘ओ’ नीट ऐकू येतात, हाक मारली की वळून बघतं, म्हणून घरच्यांना शंकाही येत नाही. श्रवणचाचणी २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत करतात ती यासाठीच.

आता तुमच्या मुलांकडे येऊ. त्यांच्या बोलण्यात एक गंमत आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ‘इस्कूल’मध्ये इ पुढे येऊन बसला, ‘गिलास’मध्ये मात्र मधे घुसला. कुणी ‘सिकूल’ म्हणत नाही, कुणी ‘इग्लास’ म्हणत नाही. इस्टूल, इस्टाप, इस्पीड एका रांगेत. गिलास, किलास, बिरेक, टरक, फराक दुसऱ्या रांगेत. जीभ खरंच जड असती तर चुका कशाही, कुठंही झाल्या असत्या. इथं तर नियम आहे, आणि तो पोरांना कुणी शिकवलेला नाही.

आणि हा नियम इंग्रजीसाठी बनलेलाही नाही. आपल्या आज्ज्या प्रसादाला ‘परसाद’, प्राणाला ‘पराण’, ग्रहणाला ‘गिरान’ म्हणत आल्या. स्त्रीची ‘अस्तुरी’ झाली आणि स्नानाचं ‘अस्नान’. बघा, तिथंही तेच. ‘प्र’, ‘ग्र’ फुटले मधून आणि ‘स्त’, ‘स्न’ला टेकू मिळाला पुढून. संस्कृतला जे झालं तेच ब्रेकला झालं.

असं का होतं ते सांगते, कारण शिकवण्याची किल्ली तिथंच आहे. सिलॅबल म्हणजे एक छोटी टेकडी समजा. पायथ्याशी प, ट, क, ग असे आवाज, ज्यांत तोंड पूर्ण बंद होतं. त्यावर स, फ. त्यावर म, न. मग ल, र. मग य, व. आणि माथ्यावर स्वर. ‘ग्लास’मध्ये ग पायथ्याला, ल वर, आ माथ्यावर: सरळ चढण आहे. पण ‘स्कूल’मध्ये स वर, मग क खाली, मग ऊ माथ्यावर. चढायच्या आधी खड्ड्यात पाय. इंग्रजीला हा खड्डा चालतो, तोही फक्त स पुढे असेल तेव्हा. तीन व्यंजनं एकदम सुरुवातीला आली तर पहिलं नेहमी स असतं, दुसरं प, ट, क यांपैकी एक, आणि तिसरं र, ल, य, व यांतलं: स्प्रिंग, स्प्लिट, स्ट्रीट, स्क्रू, स्क्वेअर. दुसरी जोडणीच नाही. शेवटी तर चार-चार व्यंजनं चालतात: ‘टेक्स्ट्स’, ‘सिक्स्थ्स’ एका दमात, एकाच सिलॅबलमध्ये.

पण टेकू कुठं द्यायचा हे कोण ठरवतं? कान. ‘ग्ल’ म्हणताना ग आणि ल यांच्यामध्ये गळ्यातला नाद चालूच असतो. ल हा स्वरासारखाच वाहता आवाज. तिथं बारीकसा इ घुसला तर तो लपून जातो, ऐकणाऱ्याला शब्द तोच वाटतो. ‘स्क’मध्ये मात्र नाद बंद असतो, स ची सळसळ, मग क ची शांतता. त्या दोघांच्या मधे स्वर टाकला की ‘सिकूल’ हा निराळाच शब्द वाटतो. म्हणून टेकू बाहेर, पुढच्या बाजूला. स्लीपरची चप्पल मात्र ‘सिलिपर’ होते, ‘इस्लिपर’ होत नाही, कारण तिथं स नंतर ल आहे, लपायला जागा आहे. बाई, चौथीतलं पोर हा हिशेब क्षणात करतं. मला तो समजायला एमएससीची दोन वर्षं लागली.

‘फिलिम’ची गोष्ट निराळी, ती शब्दाच्या शेपटाची आहे. मराठीत शेवटचा अ आपण गाळतो. ‘घर’ लिहितो पण उच्चारात र पाय मोडका. मात्र शेवटी जोडाक्षर असलं की तो अ आपण राखतो: मित्र, रक्त, अर्थ म्हणून बघा, शेवटी अ स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे दोन व्यंजनांवर शब्द थांबवायची आपल्याला सवयच नाही. त्यामुळे ‘मिल्क’, ‘हेल्प’, ‘फिल्म’ आले की दोन वाटा उरतात: एक तर शेवटी अ लावून ‘मिल्कऽ’ म्हणायचं किंवा मधे फोडून ‘फिलिम’. आणि लाज वाटून घेऊ नका, आयर्लंडात जन्मून वाढलेली, घरात इंग्रजीच बोलणारी माणसंही ‘फिलम’ म्हणतात.

आपल्याकडच्या ‘यष्टी’बद्दल बोलल्याशिवाय पुढं जाववत नाही. एसटीची यष्टी अडाणीपणानं झाली असं पुण्याकडच्यांना वाटतं. सुरुवातीच्या ‘ए’ला आपण य चा धक्का देतो, एकचं येक होतं तसा. आणि ‘ट’ला जीभ मागं वळते म्हणून आधीचा ‘स’ही तिच्यासोबत मागं जाऊन ‘ष’ होतो, कष्ट, नष्ट, दुष्ट मधल्यासारखा. पाणिनीच्या संधिनियमांतही हीच चाल आहे. सातारा स्टँडवर ‘यष्टी लागली का?’ विचारणारी म्हातारी व्याकरणात पक्की आहे.

तर ती तुमची ‘गिलास’वाली मुलगी. तिच्यासारख्याच एका मुलीला मी गेल्या वर्षी लॅपटॉपसमोर बसवलं. प्राट नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं. ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं. डच भाषेत प्राट म्हणजे ‘बोल’. त्यात आवाजाचं चित्र दिसतं: डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर सूर किती उंच ते, आणि जिथं जोर जास्त तिथं काळं. मी ‘ग्लास’ म्हटलं, तिनं म्हटलं, दोन चित्रं एकाखाली एक लावली. माझ्या चित्रात ग चा स्फोट, म्हणजे एक बारीक उभी रेघ, आणि लगेच ल ची फिकट पट्टी. तिच्या चित्रात रेघ आणि पट्टी यांच्यामध्ये करंगळीच्या नखाएवढा काळा तुकडा, आत आडव्या पट्ट्या असलेला. ‘हे काय मधेच?’ तिनंच विचारलं. म्हटलं, हा तुझा इ. तिनं त्यावर बोट ठेवलं, पुन्हा म्हटलं, तुकडा अर्धा झाला. चौथ्या-पाचव्या वेळी जवळपास गेला. तोंडासमोर आरसा धरून जे महिनाभर जमलं नव्हतं ते पंधरा मिनिटांत जमलं, कारण तिला पहिल्यांदा समजलं की आपण काहीतरी जास्तीचं घालतोय. तोवर तिला वाटायचं की आपल्याकडून काहीतरी निघत नाही.

त्या आडव्या पट्ट्या म्हणजे फॉर्मंट. ते समजायला कळशी पुरे. नळाखाली कळशी लावली की भरत जाताना आवाज चढत जातो; आतल्या खोलीतूनही आपण ओळखतो की भरली. पाणी वर येतं तशी हवेची नळी आखूड होते आणि तिचा सूर वर जातो. घशापासून ओठांपर्यंतही अशीच हवेची नळी आहे. मोठ्या पुरुषाची साधारण साडेसतरा सेंटीमीटर. एका बाजूनं बंद, दुसऱ्या बाजूनं उघडी अशी एवढी नळी ५००, १५००, २५०० हर्ट्झला घुमते. जीभ पुढं-मागं, वर-खाली केली की नळीचा आकार बदलतो आणि हे आकडे सरकतात. गळ्यातून येणारा सूर तोच असतो. ‘ई’ की ‘आ’ हे सरकलेल्या आकड्यांवर ठरतं. १९५२ साली अमेरिकेत पीटरसन आणि बार्नी या संशोधकांनी ७६ माणसांचे स्वर मोजले. त्यांतले पहिले दोन आकडे असे: पुरुषांचा ‘ई’ सरासरी २७० आणि २२९० हर्ट्झ, ‘आ’ ७३० आणि १०९०, तर ‘बॅट’मधला स्वर ६६० आणि १७२०. मुलांची नळी आखूड, म्हणून त्यांचे आकडे वर असतात, पण मांडणी तीच.

हे आकडे मुलांना सांगू नका. पण आपली पोरं ‘ब्याट’, ‘म्याच’, ‘ग्यास’ का म्हणतात ते त्यांत दिसतं. ॲ चा दुसरा आकडा ‘ई’ आणि ‘आ’ यांच्या मधोमध पडतो. ज्या जिभेला त्या मधल्या जागी थांबायची सवय नाही ती ई च्या बाजूनं निघते आणि घसरत आ ला येते. ई कडून आ कडे घसरणं म्हणजेच ‘या’. चित्रात ही घसरण तिरकी पट्टी म्हणून दिसते. ॲ शिकवायचा तर पोरांना बकरीसारखं ‘ब्ॲऽऽऽ’ लांबवायला सांगा. लांबवलं की पट्टी आडवी होते. पोरं खूष असतात, शेजारचा वर्ग तक्रार करतो.

आता जिथं खरंच अडतं तिकडे वळते, आणि तिकडे शाळेत कुणाचं लक्ष नसतं. मिरजेत माझ्या ओळखीचे एक तंबोरे बनवणारे आहेत. त्यांच्याकडे इंग्लंडचं एक गिऱ्हाईक आलं, सतारीच्या दुरुस्तीला. हे म्हणाले, न्यू पेग घालावा लागेल. पेग म्हणजे खुंटी. गिऱ्हाईकाला ऐकू आलं ‘बेग’, त्यानं मनाशी जुळवून ‘बॅग’ केलं आणि सांगितलं, नको, माझ्याकडे चांगली बॅग आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि खुंटी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तंबोरेवाल्यांनी फोनवर मला विचारलं, ‘ताई, माझा प काय वाईट आहे का?’

प उत्तम आहे. मराठीत प, फ, ब, भ असे चार पदर आहेत, इंग्रजीत दोनच. ओठ उघडल्यापासून गळ्यातला नाद सुरू होईपर्यंत जो वेळ जातो तो लिस्कर आणि अब्रामसन या संशोधकांनी १९६४ मध्ये अकरा भाषांत मोजला. त्या अकरांत मराठी होती, याचा मला उगाच अभिमान आहे. इंग्रजी प मध्ये हा वेळ सरासरी ५८ मिलिसेकंद, इंग्रजी ब मध्ये १. आपला प शून्याच्या आसपास. म्हणजे इंग्रजी कानाच्या तराजूत आपला प त्यांच्या ब च्या पारड्यात पडतो. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क थोडे श्वास सोडून म्हणायचे. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा, ‘पेन’ म्हणताना हलली पाहिजे. ओठ मात्र पूर्ण मिटून उघडायचे, नाहीतर ‘फॅन’मधला फ होतो. आणि स नंतर आला की श्वास नको: ‘स्पिन’मध्ये आपला मराठी प तंतोतंत चालतो. प्राटमध्ये इंग्रज माणसाच्या ‘स्पिन’मधला स कापून टाका आणि उरलेलं त्यालाच ऐकवा, तो ‘बिन’ म्हणेल.

शेवटच्या व्यंजनाचंही तसंच. ‘बॅक’ आणि ‘बॅग’ यांत आपण क-ग वर जोर देतो. इंग्रजी कान मात्र आधीचा स्वर किती लांबला ते बघतो. ग, ड, ब च्या आधी स्वर लांब असतो, क, ट, प च्या आधी आखूड. स्वर लांबवला की शेवटचा ग अर्धवट निघाला तरी चालतं.

जाता जाता फोनचं. साध्या फोनवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पलीकडे जातं. स चा जोर त्याच्या वर असल्यानं ‘एफ’ आणि ‘एस’ सारखेच ऐकू येतात. म्हणून तर बँकेच्या फोनवर आपण ओरडतो, एफ फलटणचा, एस सांगलीचा. मुलांना मोबाइलवर स आणि फ ऐकवून परीक्षा घेऊ नका, समोर बसवून घ्या.

सिलॅबल मोजायला टाळ्या वाजवण्याआधी मुलांना लिहिलेली अक्षरं विसरायला लावा. ‘पुस्तक’ लिहिताना तीन अक्षरं, बोलताना दोन तुकडे: पुस्-तक. हनुवटीखाली हात ठेवला की दोनदा टेकते. तुम्ही कविता शिकवताना लघु-गुरू सांगता ना? जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, ‘विद्या’मधला वि ऱ्हस्व असून गुरू, कारण विद्-या म्हणताना तो द् ने बंद होतो. आपल्या छंदशास्त्रानं सिलॅबलच मोजलाय, नाव वेगळं. मोठ्या मुलांना हे सांगितलं की ‘वॉक्ड’ एक टाळी आणि ‘वॉन्टेड’ दोन टाळ्या लगेच कळतं. इथं एक नियम पाठ करून घ्याच: ‘ईडी’ लागल्यावर नवा सिलॅबल फक्त ट किंवा ड नंतर होतो. ‘आस्केड’, ‘वॉकेड’ ही चूक पुस्तकातलं स्पेलिंग डोळ्यांनी वाचल्यानं होते आणि माझ्या मते ती ‘गिलास’पेक्षा आधी सुधारण्यासारखी आहे. स्पेलिंग वाचायची खोड आपली जुनी आहे. आपला सांगलीचा आयर्विन पूल ज्यांच्या नावाचा ते लॉर्ड स्वतःला ‘अर्विन’ म्हणवत, आपण आय हे अक्षर वाचून मोकळे झालो.

‘इस्कूल’साठी उपाय सोपा आहे. एकटा शब्द म्हणायलाच लावू नका. ‘माय स्कूल’ म्हणा, पण तोडून असं: मायस्-कूल. स मागच्या सिलॅबलला चिकटला की ‘पुस्-तक’सारखंच झालं, टेकूची गरज संपली. आठवडाभरानं ‘माय’ हळू म्हणायला लावा, मग मनातल्या मनात. स लांबवता येतो, त्याचा फायदा घ्या: सापासारखं ‘स्ऽऽऽ’ आणि मग ‘कूल’. ‘ग्लास’साठी जीभ आधी ल च्या जागी, दातांमागे टेकवून ठेवा आणि तशीच ठेवून ग म्हणा; स्वर शिरायला फटच उरत नाही. ‘ब्रेक’लाही तीच युक्ती, जीभ र च्या तयारीत ठेवून ओठ उघडायचे. शेपटाचं उलटं करा: ‘मिल्क’साठी शेवटी क् म्हणून श्वास रोखायचा, जीभ टाळूपासून सोडायची नाही. एका वेळी एकच जोडी घ्या, दिवसाला पाच मिनिटं. वर्गासमोर कुणाला एकट्याला उभं करू नका, त्यानं स्वर आणखी लांबतो.

त्या मुलीचा आवाज मला ऐकवायचा असेल तर वर्गात नको, मधल्या सुट्टीतही नको. पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा, म्हणजे प चा श्वास माइकवर आदळणार नाही. आधी साखर, ससा, पुस्तक, लसूण. मग स्कूल, माय स्कूल, ग्लास, ब्रेक, मिल्क, फिल्म, बॅक, बॅग. प्रत्येक शब्द तीनदा, मधे थांबून. तुम्ही आधी म्हणून दाखवू नका, नाहीतर ती तुमची नक्कल करेल. त्या वस्तूचं चित्र दाखवा आणि तिला म्हणू द्या. आणि ते व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, त्यात आवाज दाबला जातो आणि बारीक तपशील बिघडतो. काही फोनच्या रेकॉर्डरमध्ये डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेल्या आवाजाचा, पर्याय असतो; असला तर तो निवडून फाइल पाठवा.